रूळ ओलांडणारा गुन्हेगार, मग पूल न बांधणारा कोण?

घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड. मध्य रेल्वेच्या यातल्या कोणत्याही स्थानकावर दहा मिनिटे उभे राहिले की एक सूचना हमखास कानावर पडते. रेल्वे रूळ ओलांडणे हा कायद्याने गुन्हा आहे, पादचारी पुलाचा वापर करा. सूचना चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ मध्ये परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणाऱ्याला तुरुंगवासाची किंवा दंडाची शिक्षा सांगितलेली आहे. कायदा आहे तर तो पाळला पाहिजे. पण ज्या ठिकाणी माणसे रूळ ओलांडतात त्या ठिकाणी पूल आहे का, हा साधा प्रश्न ही सूचना देणाऱ्यांना कधी पडलेला दिसत नाही.

घाटकोपर आणि विक्रोळी या दोन स्थानकांमधले अंतर साडेतीन-चार किलोमीटर आहे. या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना दाट वस्ती आहे, कारखाने आहेत, शाळा आहेत. उपनगरातला माणूस पत्ता सांगताना आधी ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ ते सांगतो, कारण रुळांनी प्रत्येक गावाचे दोन तुकडे केले आहेत. एका तुकड्यात घर, दुसऱ्या तुकड्यात धुणीभांड्याचे काम, मुलाची शाळा, रेशनचे दुकान, राजावाडी रुग्णालय. पुलापर्यंत चालत जायचे, पूल चढायचा, उतरायचा आणि पुन्हा तेवढेच मागे यायचे, म्हणजे समोर दिसणाऱ्या ठिकाणी पोहोचायला पाऊण तास. डोक्यावर बोजा असलेल्या बाईने, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याने, सकाळच्या पाळीला पाच मिनिटे उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार गमावणाऱ्या कामगाराने काय करावे असे रेल्वेला वाटते? काही तरुण कानात गाणी घालून निव्वळ मस्तीत रूळ ओलांडतात, हेही आम्हाला दिसते. त्यांना जरूर पकडा. पण रोज तीच वाट, त्याच भिंतीच्या भगदाडातून, त्याच वेळेला शेकडो माणसे तुडवत असतील तर ती मस्ती नसते. तिथे रस्त्याची गरज आहे आणि तो रस्ता कोणी दिलेला नाही.

लोहमार्ग पोलिसांच्या नोंदी पाहा. २००५ ते २०२४ या दोन दशकांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. २०२३ या एका वर्षात २,५९० मेली. पन्नास हजार म्हणजे एखाद्या तालुक्याचे गाव पुरे रिकामे होणे. युद्ध नाही, भूकंप नाही, रोज सहा-सात प्रेते शांतपणे उचलली जात आहेत आणि शहर आपल्या कामाला जात आहे. या मृत्यूंची पोलिसांच्या वहीत वर्गवारी होते. रूळ ओलांडताना, धावत्या गाडीतून पडून, फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत पडून, खांब लागून, विजेचा धक्का बसून. यात सर्वांत मोठा रकाना रूळ ओलांडणाऱ्यांचा राहत आला आहे. दरवर्षी शेकडो मृतदेहांची ओळखही पटत नाही. त्यांची नोंद ‘अनोळखी इसम’ अशी होते.

या वहीत जातीचा रकाना नाही. पण रुळांना चिकटून कोण राहते हे सांगायला समाजशास्त्रज्ञ बोलवावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, खानदेशातून जी माणसे पोट घेऊन मुंबईला आली, त्यांना मलबार हिलवर कोणी जागा दिली नव्हती. नाला, डोंगराचा उतार, खाडीचा चिखल आणि रुळाची कड, एवढ्याच जागा त्यांच्यासाठी मोकळ्या होत्या. गावात गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना शहरात रुळाकाठी जागा मिळाली. पहाटेच्या काळोखात शौचाला रुळावर बसावे लागणाऱ्या पिढ्या या मुंबईने पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक बाया-बापड्या तिथेच गाडीखाली आल्या. त्यांचीही नोंद ‘घुसखोरी’ अशीच झाली.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये आपला अहवाल दिला. देशभरात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसे मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, असे त्या अहवालात नमूद आहे. लोहमार्ग पोलिसांचा आकडा याहून पुष्कळ कमी असतो. कोणी कोणाला कसे मोजावे हा वाद बाबू लोकांनी घालत बसावा. महत्त्वाचे हे की काकोडकर हे अणुशास्त्रज्ञ, चळवळीतले कार्यकर्ते नव्हेत, आणि त्यांच्या समितीने या मृत्यूंना कत्तल म्हटले. कोणताही सुसंस्कृत समाज ही कत्तल खपवून घेणार नाही, अशा अर्थाचे ते वाक्य होते. या मृत्यूंना घुसखोरी ठरवून रेल्वे आपली जबाबदारी झटकते, हेही समितीने लपवले नाही. कत्तल म्हटली की कत्तल करणारा कोण हा प्रश्न येतो. रेल्वेने मात्र मेलेल्यालाच आरोपी केले आहे.

हे नुसते बोलण्यापुरते नाही. याला पैशाचा हिशेब आहे. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ प्रमाणे प्रवासी धावत्या गाडीतून अपघाताने पडून मेला तर, चूक कोणाचीही असो, त्याच्या वारसांना भरपाई मिळते. ही रक्कम पूर्वी चार लाख होती, १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाली. मृताच्या अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीनादेवी प्रकरणात स्पष्ट केले. गर्दीच्या वेळी दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा नव्हे, कारण प्रवाशाला दुसरा पर्यायच नसतो, असे मुंबई उच्च न्यायालयानेही अलीकडे म्हटले आहे. (आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग ओढवला असेल तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाची पायरी चढायला कचरू नका. पोलिसांनी ‘त्याच्याच चुकीने’ असे पंचनाम्यात लिहिले म्हणून हक्क संपत नाही. मासिक पास, पाकीट, सोबतच्या प्रवाशाचा जबाब, सगळे जपून ठेवा.) पण हाच माणूस गाडीतून न पडता गाडीखाली आला, तर तो प्रवासी राहत नाही. रूळ ओलांडताना मेलेल्याच्या विधवेला या कलमाखाली एक पैसा मिळत नाही. भरपाई द्यायची वेळ आली की रेल्वेसाठी तो परका असतो.

आणि जो मरत नाही, नुसता तुटतो, त्याचे काय? समीर झवेरी यांचे दोन्ही पाय १९८९ साली बोरिवलीत रूळ ओलांडताना गेले. या गृहस्थांनी रडत न बसता माहितीचा अधिकार आणि जनहित याचिका ही दोन हत्यारे उचलली. स्थानकांवर रुग्णवाहिका उभ्या राहिल्या, तातडीचे वैद्यकीय कक्ष उघडावे लागले, त्यामागे त्यांच्या याचिकांवरचे उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. त्यापूर्वी जखमीला उचलायचे कोणी, हा प्रश्न फलाटावरच्या हमालांवर सोपवलेला होता. स्ट्रेचर ओढणारा हमाल, प्रेताचे तुकडे गोळा करणारा गर्दुल्ला किंवा भंगारवाला, पोलिसाने हातावर ठेवलेल्या चार पैशांच्या बदल्यात. आमच्या समाजाला ही व्यवस्था नवी नाही. गावात मेलेले ढोर ओढायला जे हात लागत होते, तेच हात शहरात रुळावरचे प्रेत उचलायला लागले. कामाचे कपडे बदलले, काम तेच राहिले.

घाटकोपर स्थानकाचेच एक उदाहरण घ्या. जानेवारी २०१४ मध्ये एक महाविद्यालयीन मुलगी इथे गाडी पकडताना फलाट आणि गाडी यांच्यामधल्या पोकळीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. मुंबई हळहळली. उच्च न्यायालयाने रेल्वेला धारेवर धरले आणि मग कुठे फलाटांची उंची वाढवण्याचे काम सुरू झाले. ही पोकळी त्या दिवशी तयार झाली नव्हती. गाड्यांची घडण बदलली, डब्यांची उंची वाढली, पण फलाट जुनेच राहिले, हे रेल्वेच्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक होते. एका मुलीचे हात जाईपर्यंत ते कागदावर आले नाही. त्याच वर्षी ८ जूनला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अंधेरीला बसने दीड तास लागायचा तिथे वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येऊ लागले. चांगली गोष्ट झाली, आम्ही तिचे स्वागतच करतो. पण मेट्रोची सगळी माणसे घाटकोपरच्या ज्या जुन्या पुलांवर आणि जिन्यांवर येऊन ओतली जाणार होती, त्या पुलांचे काय करायचे हे मेट्रो बांधण्याआधी ठरवायला नको होते? पुलांचे रुंदीकरण आणि नवा पूल यांची कामे कित्येक वर्षे मागून रखडत आली. मधल्या काळात संध्याकाळी घाटकोपरचा जिना उतरणे म्हणजे छातीवर दगड ठेवून उतरण्यासारखे होते.

पुलाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी घोषणा केली की यापुढे पादचारी पूल ही प्रवाशांसाठीची ‘सुविधा’ न मानता अनिवार्य बाब मानली जाईल. या घोषणेचे तेव्हा कौतुक झाले. आम्हाला मात्र ती वाचून धक्का बसला होता. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. तेव्हापासून २०१७ पर्यंत, एकशे चौसष्ट वर्षे, एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जिवंत जाणे ही रेल्वेच्या लेखी चैनीची गोष्ट होती! पंखा, बाकडे, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पूल, सगळे एकाच यादीत. पैसे उरले तर करू. आणि हीच रेल्वे रोज कर्ण्यातून ओरडत होती, पुलाचा वापर करा.

एल्फिन्स्टनच्या पंधराच दिवस आधी, १४ सप्टेंबर २०१७ ला, अहमदाबादेत मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा पाया घातला गेला होता. अंदाजे खर्च एक लाख आठ हजार कोटी रुपये. दोन्ही तारखा एकाच महिन्यातल्या. त्यांवर आम्ही वेगळे भाष्य करत नाही.

मुंबईसाठी पैसाच मंजूर होत नाही असेही नाही. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा तिसरा टप्पा डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने मंजूर केला, एकूण १०,९४७ कोटींचा. त्यात दोन स्थानकांच्या मधल्या पट्ट्यात रूळ ओलांडणे रोखण्यासाठी ५५१ कोटी ठेवले होते. वीस टक्के नाही, दहा टक्के नाही, जेमतेम पाच टक्के. दरवर्षी हजारावर जीव घेणाऱ्या कारणासाठी एवढेच. त्याच आराखड्यात नव्या डब्यांसाठी ३,४९१ कोटी आहेत, आणि ते डबे वातानुकूलित गाड्यांचे ठरवले गेले.

वातानुकूलित गाड्यांना आमचा विरोध नाही. घामाच्या धारांत घुसमटत जाणे ही काही गरिबाची हौस नव्हे. बंद होणारे दार जीव वाचवते हेही उघड आहे. विरोध आहे तो दारामागे कोणाला घ्यायचे आणि दाराबाहेर कोणाला लोंबकळत ठेवायचे, या वाटणीला. पहिली वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला सुटली. (२५ डिसेंबर ही तारीख आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने पाठ आहे, महाडला मनुस्मृती जाळली त्याला त्या दिवशी बरोबर नव्वद वर्षे झाली होती.) साध्या लोकलचे किमान भाडे पाच रुपये. वातानुकूलित गाडीचे किमान भाडे साठच्या वर ठेवले होते, ओरड झाल्यावर मे २०२२ मध्ये ते निम्म्यावर आले, तरीही ते साध्याच्या कितीतरी पट. गाडी वाढवून दिली असती तर कोणी तक्रार केली नसती. पण साधी गाडी काढून तिच्या वेळेवर वातानुकूलित गाडी घातली गेली. जी माणसे रोज त्या वेळेची गाडी पकडत होती ती पुढच्या गाडीला लटकली. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरचे प्रवासी रुळावर उतरले तेव्हा मध्य रेल्वेला दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. रुळावर उतरणे गुन्हा आहे हे त्या प्रवाशांनाही माहीत होते. दुसऱ्या कोणत्या मार्गाने त्यांचे ऐकले गेले असते, ते रेल्वेने सांगावे.

१९७४ साली तिसरा वर्ग कागदावरून गेला आणि सगळा तिसरा वर्ग दुसऱ्या वर्गात आला. नाव बदलले म्हणून आनंद झाला होता. आता पहिल्याच्याही वर एक नवा वर्ग आला आहे. जुन्या उतरंडीची ज्यांना ओळख आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे खालची पायरी पुसली की वर एक पायरी वाढते.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांना घासून खाली पडली. चौघे त्याच दिवशी गेले. लगेच रेल्वेने जाहीर केले की साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारे बसवू. बसवा. पण ज्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे उभी असतात, त्याचे दार बंद केल्यावर आत हवा कुठून येणार आणि बाहेर राहिलेली माणसे कोणत्या गाडीने जाणार, याचे उत्तर फेऱ्या वाढवण्यात आहे. उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका जनहित याचिकेच्या सुनावणीत, माणसांना जनावरांहून वाईट अवस्थेत नेले जाते याची शरम वाटते, असे सुनावले होते. वर्षभरातच मुंब्रा झाले.

रूळ ओलांडणाऱ्यांकडे पुन्हा वळू. रेल्वेचे उत्तर ठरलेले असते. झोपड्यांमुळे रूळ सुरक्षित नाहीत, झोपड्या हटवा. झोपड्या हटवूनही पाहिल्या. २००० सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हार्बर मार्गाकाठच्या सुमारे दोन हजार झोपड्यांवर बुलडोझर फिरला. नंतर जागतिक बँकेच्या कर्जाच्या अटींमुळे पुनर्वसन करावे लागले आणि हजारो कुटुंबे मानखुर्द, गोवंडी, वाशीनाका इथल्या इमारतींत नेऊन टाकली गेली. डोक्यावर छप्पर आले, पक्की भिंत आली, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण कामाची ठिकाणे मागेच राहिली. पूर्वी जी बाई चालत कामावर जात होती, तिला आता मानखुर्दहून गाडी पकडावी लागते, आणि मानखुर्द-गोवंडीलाही पुलांची तीच टंचाई. रुळाकाठून उठवलेला माणूस पुन्हा रुळावर आला. जुन्या वस्तीजवळ रुळाला भिंत बांधली गेली. भिंत बांधायला पुलापेक्षा कमी खर्च येतो. मग भिंतीला भगदाड पडते, रेल्वे ते बुजवते, पुन्हा पडते. लोकांच्या पायांनी जी जागा पुलासाठी कधीच नक्की केली आहे, ती बुजवण्यात कोणते अभियांत्रिकी शहाणपण आहे?

पूल बांधायला घेतला तरी तो पुरा कधी होणार याची शाश्वती नाही, कारण रुळावरचा भाग रेल्वेचा आणि दोन्ही टोके महापालिकेची. विक्रोळीचे फाटक बंद झाले. त्या जागी उड्डाणपुलाला २०१२ साली मंजुरी मिळाली. पूल खुला झाला १४ जून २०२५ ला. तेरा वर्षे! खर्च दुपटीच्या वर गेला. या तेरा वर्षांत पहिलीत गेलेले पोर कॉलेज गाठून मोकळे झाले. अंधेरीत गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ ला रुळांवर कोसळला, माणसे जखमी झाली, पुढे मृत्यूही झाले. तो पूल पुन्हा बांधून फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा खुला केला तेव्हा लक्षात आले की शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची उंचीच जुळत नाही. दीड-दोन मीटरचा फरक. सगळे शहर हसले. हा निव्वळ विनोद म्हणून सोडून देता येत नाही, कारण रेल्वे आणि महापालिका यांच्यात नेमके हेच अंतर प्रत्येक स्थानकावर आहे. अंधेरीत ते मोजपट्टीने मोजता आले एवढेच.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत मसूर स्थानकाचा प्रसंग लिहून ठेवला आहे. साल १९०१. लहानगा भीवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून गाडीने निघाली आणि मसूरला उतरली. अंगावरचे बरे कपडे पाहून स्टेशनमास्तर मायेने बोलला. जात कळताच मागे सरला, आणि एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. आगगाडीत बसताना त्यांना जात आडवी आली नव्हती. तिकीट होते, गाडीने आणून सोडले. अडचण स्थानकाबाहेर पडताना आली, पुढची वाट बंद होती. सव्वाशे वर्षांनंतर स्टेशनमास्तर जात विचारत नाही. पण स्थानकापासून आपल्या खोलीपर्यंतची वाट कोणासाठी बांधलेली आहे आणि कोणासाठी नाही, हे उपनगरातल्या कोणत्याही स्थानकाच्या दोन्ही बाजूंना उतरून पाहावे. जिकडे बाजार, सोसायट्या आणि मॉल आहेत तिकडे सरकते जिने. जिकडे वस्ती आहे तिकडे फलाटाच्या टोकाचा उतार, आणि पुढे खडीतून वाट.

‘घुसखोर’ हा शब्द रेल्वे आणि तिचे पोलीस इतक्या सहजपणे वापरतात, म्हणून एक आठवण करून देणे भाग आहे. १३ मे २०२४ रोजी वादळी पावसात घाटकोपरला पूर्व द्रुतगती महामार्गालगत एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे चिरडली गेली. महापालिकेच्या नियमाने चाळीस फुटांची मर्यादा असताना हा फलक तिच्या तिप्पट होता. ज्या जागेवर तो उभा होता ती जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली होती आणि परवानगीही त्यांच्याच कार्यालयाने दिली होती. रमाबाई नगरच्या माणसाने रुळाकाठी दहा फुटांची ताडपत्री बांधली तर ते अतिक्रमण ठरते. एकशे वीस फुटांचा लोखंडी सापळा मात्र रीतसर ठरला! पुढे एका बड्या अधिकाऱ्याचे निलंबन झाले. कलम १४७ कोणाला लागले नाही.

रुळावर मरणाऱ्यांत रेल्वेचे स्वतःचे कामगारही आहेत. २२ जानेवारी २०२४ ला वसई रोड ते नायगाव दरम्यान सिग्नल दुरुस्तीला गेलेले पश्चिम रेल्वेचे तीन कर्मचारी लोकलखाली आले. त्यांना तरी घुसखोर म्हणता येणार नव्हते. ज्यांच्या हातात सिग्नलच्या चाव्या आहेत त्यांनाही गाडी येत असल्याची वेळेवर खबर मिळत नसेल, तर वस्तीतल्या पोराला ती मिळावी ही अपेक्षा कोणी करावी? ट्रॅकमनचे, पूर्वीच्या गँगमनचे, काम कोणत्या समाजातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या करत आली हे कुठल्याही रेल्वे वसाहतीत विचारा.

मागण्या फार मोठ्या नाहीत आणि त्यासाठी बुलेट ट्रेन थांबवायचीही गरज नाही. रूळ ओलांडताना कोणत्या किलोमीटरच्या खांबाजवळ किती माणसे मेली, ही नोंद लोहमार्ग पोलिसांकडे तयार असते. ती दरवर्षी त्या-त्या स्थानकावर मराठीत लावा. ५५१ कोटींपैकी किती खर्च झाले, कुठे पूल झाला आणि कुठे नुसती भिंत उभी राहिली, तेही त्याच फलकावर लिहा. जिथे दहा मृत्यू झाले तिथे पूल होईपर्यंत गर्दीच्या वेळी पहारेकरी नेमा, दंडाची पावती फाडायला नव्हे, माणूस अडवायला. पूल नसलेल्या पट्ट्यात मेलेल्याच्या वारसांना भरपाईच्या कलमाखाली आणण्याची दुरुस्ती संसदेत कोणी मांडायची, हे मुंबईच्या सहा खासदारांनी आपसात ठरवावे. ते ठरवत नसतील तर त्यांना विचारायचे काम शाखा-शाखांतल्या कार्यकर्त्यांचे आहे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. घाटकोपर, कुर्ला, गोवंडी, जोगेश्वरी, बोरिवली आणि मुलुंडच्या कार्यकर्त्यांनी येत्या महिन्याभरात आपापल्या स्थानकाचा अर्ज टाकावा, आलेले उत्तर आमच्याकडे पाठवावे. ज्या स्थानकाचे येईल त्याचे आम्ही याच पानावर जसेच्या तसे छापू.